बागेची अट आणि इस्टेटीची मालकी

गोदरेज कुटुंबातील वाटणीचा करार ३० एप्रिल २०२४ रोजी जाहीर झाला. कोणती कंपनी कोणाकडे गेली, याची बातमी उद्योगजगतापुरती होती. सामान्य मुंबईकराच्या तोंडी मात्र राहिली ती विक्रोळीची जमीन. सुमारे ३,४०० एकर. जमशेद गोदरेज आणि स्मिता कृष्णा यांच्या गटाकडे ती कायम राहिली. यांपैकी सुमारे १,७५० एकरांवर कांदळवन आहे आणि विकासयोग्य म्हणून ज्याची चर्चा होते ते क्षेत्र हजार एकरांच्या आसपास आहे. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीच्या वारसाहक्कासाठी भाऊ भाऊ कोर्टात उभे राहतात त्या शहरात हजारो एकर सलग जमीन एका कुटुंबाकडे आली कशी, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. मात्र त्याचे उत्तर शोधताना बहुतेकांची गाडी १९४०च्या दशकातल्या खरेदीपाशी थांबली.

वस्तुतः हे प्रकरण त्याहून शंभर वर्षे जुने आहे, आणि त्याची सुरुवात एका बागेपासून होते.

विक्रोळी, पवई, कुर्ला, मालाड, भांडुप ही आजची उपनगरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साष्टी बेटावरची खेडी होती. साष्टी १७७४ मध्ये मराठ्यांकडून कंपनीच्या ताब्यात गेली आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने त्या ताब्यावर शिक्कामोर्तब झाले. हाती आलेला मुलूख लढायांनी आणि दुर्लक्षाने उजाड झालेला होता. मुंबई बंदर वाढत होते, त्याला धान्य, भाजीपाला, फळे, गवत, लाकूड सारेच हवे होते. साष्टीतली जमीन मात्र पडीक. १८०३ मध्ये शीवचा कॉजवे झाला आणि बेटावर बैलगाडीने जाणे शक्य झाले. तेव्हा कंपनीने एक सोपा उपाय योजला. मुंबईतल्या पैसेवाल्या व्यापाऱ्यांना साष्टीतली गावेच्या गावे इस्टेट म्हणून द्यायची; त्यांनी विहिरी खोदाव्यात, रस्ते करावेत, झाडे लावावीत, पडीक जमीन लागवडीखाली आणावी. त्या बदल्यात सारा नाममात्र किंवा अजिबात नाही. कोकणातल्या खोतीचीच ही मुंबईकर आवृत्ती होती आणि या नव्या मालकांना लोक खोत म्हणूच लागले.

व्यापाऱ्यांनाही जमीन हवीच होती. कोटाच्या आतली पेठ दाटीवाटीची, घरे एकमेकांना टेकलेली. १८०३ मध्ये कोटात भीषण आग लागली आणि पेठेचा मोठा भाग जळून गेला. ज्यांना परवडत होते ते त्यानंतर भायखळा, माझगाव, परळ या बाजूंना अधिकच वळले. तिथे ग्रीक-रोमन खांबांचे बंगले उठले, भोवती आंबा-नारळाच्या बागा आल्या. माझगाव कॅसल हा जमशेटजी जीजीभॉय यांचा, तर भायखळ्याचा ‘सां सूसी’ डेव्हिड ससून यांचा. त्याच ‘सां सूसी’मध्ये आज मसिना रुग्णालय आहे. ससूनशेठ उन्हाळ्यासाठी आणखी पुढे, पुण्याला गेले. ‘गार्डन रीच’ नावाचा प्रासाद त्यांनी तिथे बांधला आणि १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचा अंत झाला. या साऱ्या वैभवाच्या तळाशी चीनचा व्यापार होता, म्हणजे कापूस आणि अफू, हे सांगायला एकोणिसाव्या शतकातले गौरवग्रंथ सहसा विसरतात.

हे हवेशीर बंगले म्हणजे मौजेची गोष्ट. साष्टीतल्या इस्टेटी मात्र व्यवहाराची गोष्ट होत्या, आणि त्यांत सर्वांत गाजली ती पवईची.

फ्रामजी कावसजी बनाजी यांचा जन्म १७६७चा. जहाजे आणि चीनचा व्यापार यांवर उभ्या राहिलेल्या घराण्यातला हा गृहस्थ. पवईची इस्टेट त्यांनी कंपनीकडून घेतली तेव्हा साठी उलटलेली होती. पवई, तिरंदाज, पासपोली, कोपरी ही गावे त्या इस्टेटीत मोडत. आज ही नावे मिळकतपत्रिकांवर तेवढी उरली आहेत. फ्रामजींनी तिथे विहिरी बांधल्या, रस्ते केले, आंब्याची हजारो झाडे लावली. ऊस लावून साखर काढण्याची यंत्रसामग्री बसवली. रेशमाच्या आशेने तुती लावली, नीळ आणि कापूस करून पाहिला. यांतले बरेच प्रयोग तोट्यात गेले असावेत. निदान पवईचे रेशीम किंवा पवईची साखर असे काही बाजारात प्रसिद्ध झाल्याचे दिसत नाही. पण गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० मध्ये फ्रामजींच्या या उद्योगाची मुक्तकंठाने वाखाणणी केली. १८३८ मध्ये फ्रामजींनी आंब्यांची पेटी थेट व्हिक्टोरिया राणीकडे आगबोटीने रवाना केली. आज एप्रिल उजाडला की हापूसच्या पेट्या विमानाने परदेशी जातात, त्यांची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

या माणसाच्या बागायतीला सार्वजनिक अंग होते, हेही नोंदवले पाहिजे. गिरगावात मुगभाटातल्या त्यांच्या बागेत विहिरी होत्या. त्या काळी मुंबईला उन्हाळ्यात पाण्याची टंचाई पाचवीलाच पुजलेली. त्या विहिरींचे पाणी यंत्राने उपसून नळाने शहराकडे नेण्याची व्यवस्था फ्रामजींनी केली. धोबी तलाव म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या तलावाला त्यांच्याच नावावरून फ्रामजी कावसजी तलाव म्हणत. तलाव केव्हाच बुजला. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची इमारत त्या जागी उभी आहे. तिच्या अंगावरून रोज जाणाऱ्यांना इथे पाणी होते याचा पत्ता नसतो.

पवईप्रमाणे इतरही इस्टेटी होत्या. कुर्ला, मोहिली, मरोळ, सहार ही गावे १८०८ मध्ये होर्मसजी बमनजी वाडिया यांना मिळाली, तीही कोटातल्या अपोलो बंदराजवळच्या त्यांच्या जमिनीच्या तुकड्याच्या मोबदल्यात. कोटातली एक जागा द्यावी आणि साष्टीतली गावे घ्यावीत, हा सौदा तेव्हा कंपनीला फायद्याचा वाटला होता! भांडुपची इस्टेट ल्यूक अॅशबर्नर या इंग्रज व्यापाऱ्याकडे होती. तिथे फौजेसाठी रम गाळली जाई.

या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोळी, आगरी, कुणबी, ख्रिस्ती शेतकरी आणि पाड्यांवरचे वारली या व्यवहारात कुठे होते? ते कूळ झाले. काल सरकारला सारा भरत होते, आज खोताला भरू लागले. बागा फुलल्या त्या त्यांच्या हातांनी. सनदेवर त्यांचे नाव असण्याचे कारणच नव्हते.

सनदेतला मूळ हेतू लागवडीचा होता. खोताला मिळालेली सवलत ही त्याने करायच्या कामाची किंमत होती. काम झाले नाही तर काय, याची आठवण सरकारला सव्वाशे वर्षे फारशी राहिली नाही. खोतांचे वारस वाढले, इस्टेटी गहाण पडल्या, विकल्या गेल्या, पुन्हा विकल्या गेल्या. फ्रामजी १८५१ मध्ये वारले. १८९१च्या सुमारास पवईच्या खोलगट भागात बांध घालून पालिकेने तलाव केला. त्याचे पाणी पिण्यालायक ठरले नाही म्हणून शहराने ते सोडून दिले. आंब्याच्या बागांत रान माजले. १९४८ मध्ये लार्सन अँड टुब्रोने पवईत ५५ एकरांची जागा घेतली तेव्हा तिथे दलदल आणि जंगल होते, असे त्या कंपनीचाच इतिहास सांगतो. फ्रामजींनी माल्कमसाहेबांना दाखवलेली ती बाग पुन्हा पडीक झाली होती. विक्रोळीचीही तीच गत. बनाजींच्या इस्टेटीतली ती जमीन फिरत फिरत १९४०च्या दशकाच्या आरंभी पिरोजशा गोदरेज यांनी घेतली, ती कारखान्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर सरकारला जुन्या अटीची आठवण झाली. १९५१च्या साष्टी इस्टेट कायद्याने या इस्टेटींची साऱ्याची माफी रद्द केली. हा कायदा आज फार थोड्यांना ठाऊक आहे, परंतु उपनगरांतल्या अनेक जमिनींचे भवितव्य त्याच्या एका कलमाशी बांधलेले आहे. इस्टेटदाराने १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी जी पडीक जमीन प्रत्यक्ष उपयोगात वा लागवडीखाली आणली नसेल ती सरकारची, असे ते कलम म्हणते. म्हणजे शेवटी प्रश्न पुन्हा बागेपाशीच आला. अमुक सर्व्हे नंबरात झाडे लावली होती काय? कुंपण होते काय? गवत कापून विकले जात होते काय? कलमी आंब्याचे झाड, पडकी विहीर, जुना बांध हे मालकीचे पुरावे झाले. विक्रोळीच्या काही जमिनींबाबत राज्य सरकारने १९७३ मध्ये मालकीचा दावा लावला तो याच वादातून. एका कलमाचा अर्थ लावण्यास अर्धशतक अपुरे पडावे, यातच महसूल खात्याच्या कारभाराचे वर्णन आले.

वनखात्याची कथा याहून वेगळी नाही. खासगी वने सरकारजमा करणारा राज्याचा कायदा १९७५चा. १९५०च्या दशकात भारतीय वन कायद्याखाली ज्या मालकांना नोटिसा काढल्या होत्या त्यांच्या जमिनी या कायद्याने आपोआप खासगी वन ठरल्या, अशी भूमिका वनखात्याने घेतली; तीही त्या जमिनींवर कारखाने, वसाहती उभ्या राहिल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. विक्रोळी, मुलुंड, ठाणे इथल्या हजारो सदनिकाधारकांच्या पायाखालची जमीनच सरकली. अखेर ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज आणि इतरांच्या बाजूने निकाल दिला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकावर बजावावी लागते आणि तिची तड लावावी लागते, हे न्यायालयाचे सूत्र. निकाल रास्तच होता. घरे घेतलेल्या मध्यमवर्गीयांचा त्यात दोष काय? पण सरकारने वेळेवर आपले काम केले असते तर उपनगरांच्या डोंगरउतारांवर आणखी किती हिरवळ राहिली असती, हा हिशेब त्या निकालाने मिटत नाही.

आता पवईकडे पुन्हा वळू. १९७६ मध्ये नागरी कमाल जमीनधारणा कायदा आला. मोठ्या मालकांकडची अतिरिक्त मोकळी जमीन घेऊन तीवर गरीब आणि मध्यमवर्गीयांसाठी घरे, हा त्याचा हेतू. पवईची जुनी इस्टेट त्या जाळ्यात सापडली. नोव्हेंबर १९८६ मध्ये राज्य सरकार, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालकांच्या वतीने विकासक असा त्रिपक्षीय करार झाला. सुमारे २३० एकर जमीन ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकासकाला मिळाली, भाडे हेक्टरी एक रुपया, म्हणजे एकरी चाळीस पैसे. भाडे इतके क्षुल्लक होते कारण त्याला अट होती: घरे छोटी बांधायची, निम्मी ४० चौरस मीटरची, निम्मी ८० चौरस मीटरची, आणि त्यांतली १५ टक्के ठरलेल्या दराने सरकारला द्यायची.

कंपनी सरकारचा सौदा आणि हा सौदा शेजारी ठेवून पाहावा. दोन्हींत सरकार जमीन जवळजवळ फुकट देते. दोन्हींत मोबदला रोख नाही, कामाचा आहे. तिथे लागवड, इथे परवडणारी घरे. आणि दोन्हींत ते काम झाले की नाही हे पाहण्याची यंत्रणा सरकारपाशी नाही, किंवा असूनही ती डोळे मिटून बसते.

पवईत जे उभे राहिले ते सर्वांसमोर आहे. उंच मनोरे, रोमन खांब, रुंद रस्ते, रांगेतली झाडे आणि नाव ‘हिरानंदानी गार्डन्स’. (परळ-भायखळ्याच्या शेटजींनी बंगल्यांना लावलेले खांब दीडशे वर्षांनी वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतींना लागले, हा योगायोग की धनिकांच्या हौसेचे सातत्य, हे वास्तुतज्ज्ञांनी ठरवावे.) वसाहत देखणी आहे, तिची निगा उत्तम आहे, मुंबईत इतकी शिस्तीची नगररचना क्वचितच दिसते. पण करारातले छोटे घर तिथे शोधावे लागते. छोट्या सदनिका जोडून मोठ्या केल्या, अशी तक्रार घेऊन जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. कराराचा भंग झाला नाही, असे विकासकाचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की उरलेल्या जमिनीवर आधी तीन हजारांहून अधिक छोटी घरे बांधा, मग दुसरे बांधकाम. करार झाल्यापासून या आदेशापर्यंत सव्वापंचवीस वर्षे गेली. १९८६ मध्ये ज्या कारकुनाने पवईत दोन खोल्यांचे स्वप्न पाहिले असेल तो तोवर निवृत्त होऊन डोंबिवली-बदलापूरला स्थायिक झाला असेल. ज्या कायद्यामुळे हा करार झाला तो कमाल जमीनधारणा कायदाही राज्याने नोव्हेंबर २००७ मध्ये मोडीत काढला.

याच पवईत जून २०२४ मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर जयभीम नगरातल्या शेकडो झोपड्या पाडण्यात आल्या. यांतली अनेक कुटुंबे पवईतल्या बांधकामांवर मजुरी करण्यासाठी आलेली. पावसाळ्यात झोपड्या पाडू नयेत, असा सरकारचाच निर्णय असताना हे घडले, आणि उच्च न्यायालयाला चौकशीसाठी विशेष पथक नेमण्याचा आदेश द्यावा लागला. फ्रामजींची झाडे लावणाऱ्या कुळांना सनदेत जागा नव्हती. गार्डन्स बांधणाऱ्यांना आराखड्यात नाही.

फ्रामजींच्या पवईतली बागेसारखी दिसणारी जमीन आज कुठे आहे? मुख्यतः आयआयटीच्या आवारात आणि तलावाच्या काठाला. आयआयटी १९५८ मध्ये स्थापन झाली, पाचशेहून अधिक एकर तिला मिळाले आणि एका संस्थेच्या ताब्यात ते एकसंध राहिले. तिथे अधूनमधून बिबट्या फिरकतो, ही त्या झाडीची पावती. तलावाच्या काठाने पालिकेने सायकल ट्रॅक करायला घेतला, तो मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून काढून टाकण्यास सांगितले. सार्वजनिक मालकी असली म्हणजे हिरवळ सुरक्षित, असा भाबडा समज बाळगणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

विक्रोळीबाबत न्याय्य बोलायचे तर खासगी मालकीने तिथे एक मोठे काम केले आहे. ठाणे खाडीच्या काठावरचे कांदळवन गोदरेजने राखले, त्याचा अभ्यास करवला, लोकांना ते दाखवण्याची सोय केली. त्याच काळात मुंबईत इतरत्र तिवरांवर राडारोडा टाकून भूखंड तयार होत होते. उलट बाजूला, बुलेट ट्रेनसाठी सरकारला विक्रोळीतली दहा एकरांहून थोडी कमी जमीन हवी होती. सुमारे २६४ कोटींचा मोबदला ठरला आणि कंपनी न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्याच प्रकल्पासाठी सुमारे २२ हजार तिवरे तोडण्याची परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने दिलेली आहे. तेव्हा मालक वाईट आणि सरकार चांगले, किंवा याच्या उलट, अशी सोपी मांडणी इथे चालणार नाही.

चालणार नाही ते आणखी एक. पुढील काळात विक्रोळीच्या हजार एकरांचे आराखडे येतील, टप्प्याटप्प्याने मंजुरीला जातील. मुंबईच्या २०३४च्या विकास आराखड्याची तयारी करताना शहरात माणशी मोकळी जागा सुमारे सव्वा चौरस मीटर भरली होती; त्या शहरातला हा अखेरचा मोठा सलग तुकडा. त्याच्या मंजुरीत पुन्हा अटी घातल्या जातील: इतकी उद्याने, इतकी परवडणारी घरे, इतका रस्ता. त्या अटी पालिकेच्या फायलीत राहतील की प्रत्येक इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राशी जोडल्या जातील, यावर सारे अवलंबून आहे. उद्यान आधी तयार करून लोकांना खुले करावे, मग शेवटच्या मनोऱ्याला परवानगी मिळावी, असा क्रम लावणे पालिकेच्या अधिकारात आहे. पवईच्या करारात असा क्रम नव्हता. २०१२ मध्ये तो न्यायालयाला लावून द्यावा लागला.

आणि कांदळवनाच्या १,७५० एकरांचे काय? ते आज कायद्याने संरक्षित आहे, मालकही त्याला हात लावणार नाही असे सांगतो. मात्र ज्या शब्दावर ते उभे आहे तो एका कुटुंबाचा शब्द आहे, आणि त्या कुटुंबाची वाटणी नुकतीच झाली आहे. सरकारने मालकाशी करार करून हे क्षेत्र कायमचे राखीव असल्याची नोंद मिळकतपत्रिकेवर घ्यावी. मालकीचा जुना दावा चालू असला तरी अशा नोंदीला दोन्ही पक्षांची हरकत असण्याचे कारण नाही. जमीन कोणाचीही ठरो, तिवरे तिथेच राहतील.